भिशीच्या बायकांना पहिला हॉरर कुठला दाखवावा? (नाशिक)

इंदिरानगरकरीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमची इंदिरानगरात सहा जणींची भिशी आहे. दर महिन्याला चिठ्ठी निघते, कुणाकडे तरी मिसळ नाहीतर पाणीपुरी होते, थोड्या कुचाळक्या होतात आणि ज्या त्या आपापल्या घरी. मागच्या वेळी एकीने टूम काढली की आता दर भिशीला एक हॉरर सिनेमा बघायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता भिशी माझ्या घरी आहे, म्हणजे पहिला सिनेमा मी निवडायचा.

आमच्यातल्या एकीनेही धड हॉरर पाहिलेला नाही. लहानपणी टीव्हीवर काही लागलं की उशीत तोंड खुपसायचं, एवढाच काय तो अनुभव. नेटवर ‘सर्वोत्तम शंभर’ छाप याद्या ढिगाने आहेत, पण त्या सगळं पाहून झालेल्या लोकांनी केलेल्या असतात. त्यात पहिल्यांदा बघणाऱ्याने कुठे पाय ठेवायचा ते कळत नाही.

मराठी, हिंदी आधी सांगा. इंग्रजीही चालेल. वेळ दुपारी तीनची, हॉलमधला ४३ इंची टीव्ही. शेजारी बरे आहेत, तक्रार करणारे नाहीत.

भयंकर_सुखी

हेरेडिटरी (२०१८) लावा. विषय संपला. दहा मिनिटांत कळेल कोण हॉररचं माणूस आहे आणि कोण नाही. उरलेल्यांना पुढच्या भिशीपासून पाणीपुरी.

टिकोजी_सातपूर

अरे बाबा, भिशी मोडायचीय का त्यांना? (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

चकवा

ताई, सुखीभाऊंचा सल्ला मनावर घेऊ नका. हेरेडिटरी थोर सिनेमा आहे, मी स्वतः तीनतीनदा पाहिलाय. पण तो सुरुवातीला दाखवणं म्हणजे पोहायला आलेल्याला थेट गंगापूर धरणात ढकलून ‘बघू जमतंय का’ म्हणणं. घाबरवून पळवून लावायचं असेल तर सोपं आहे. तुम्हाला पुढच्या महिन्यात परत बोलवायचंय त्यांना.

याद्यांचा घोळ असा की त्यात सिनेमाची उंची मोजलेली असते, बघणाऱ्याची भीती नाही. आणि भीती प्रत्येकाची वेगळी. भूत नुसतं ‘भॉ’ करून आलं की उडी मारणारा माणूस दुसऱ्या मिनिटाला हसतो. दुसरा एखादा भुताला भीक घालत नाही, पण बंद दाराच्या कडीचा आवाज झाला की त्याची झोप उडते. कुणाला रक्त चालत नाही, कुणाला प्राण्यांचे हाल बघवत नाहीत, कुणाला अंगात येणं बघितलं की घाम फुटतो, कारण घरात ते खरोखर पाहिलेलं असतं.

म्हणून सिनेमाचं नाव सांगायच्या आधी माझा प्रश्न: तुमच्या सहा जणी कोण आहेत? नावं नकोत. कुणाला काय अजिबात चालणार नाही तेवढं सांगा, मग बोलू.

इंदिरानगरकरीण

हे बरं विचारलंत. घ्या.

एक: माझ्या सासूबाई. त्या भिशीच्या सभासद नाहीत, पण सिनेमा हॉलमध्ये आणि त्यांची खुर्ची पण हॉलमध्ये, तेव्हा त्या आहेतच. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी सावानातून (सार्वजनिक वाचनालयातून) नारायण धारपांच्या भयकथा आणणाऱ्यांपैकी. कशालाच घाबरत नाहीत.

दोन: रक्त दिसलं की खरोखर चक्कर येते. लॅबमध्ये सुई टोचतानाही आडवी होते.

तीन: सातवा महिना चालू आहे.

चार: मुलगा सहा वर्षांचा. लहान मुलाला काही झालेलं बघवत नाही, बातम्यासुद्धा बंद करते.

पाच: कशावरही हसते. मयतीत सुद्धा हिला बाहेर उभं करावं लागतं.

सहा: गप्प असते, तिच्या मनातलं कुणालाच कळत नाही.

आणि सातवी मी. नवऱ्याची अंबडला रात्रपाळी असते. रात्री घरात सासूबाई आणि मी. तेव्हा ‘आपल्यासारखंच घर आणि घरात काहीतरी’ या प्रकाराची मला आत्तापासूनच धास्ती वाटतेय.

निफाडचा गडी

ताई, लपाछपी लावा की. २०१७ चा, विशाल फुरियाचा, पूजा सावंत आणि उषा नाईक. आपल्या मराठीत असा हॉरर दुसरा नाही. शहरातलं जोडपं आडगावच्या घरात येऊन राहतं, चारी बाजूंनी ऊस. माणूस आत शिरला की दिशाच कळत नाही. उषाताईंनी जी बाई उभी केलीय ना, ती खेड्यापाड्यात आपण पाहिलेली असते. वाढताना प्रेमळ, आणि बोलता बोलता नजर अशी टाकते की भाकरी घशाखाली उतरत नाही. पुढं हिंदीत त्याचाच छोरी झाला, २०२१ ला.

आमच्याकडं मात्र तो सिनेमा बघताना लोकांनी वेगळीच चर्चा केली. निफाड, सिन्नर, दिंडोरीला उसात बिबट्या निघतो. त्यामुळं हिरॉईन उसात पळायला लागली की आमच्या चुलत्यांची एकच ओरड, अगं बये, भुताचं ऱ्हाऊ दे, हातात बॅटरी घे, तोंडानं आवाज करत जा!

लेकुरवाळी

निफाडकर भाऊ, यादी नीट वाचा हो. तीन नंबर! लपाछपीची नायिका गरोदर आहे आणि सगळी भीती तिच्या पोटातल्या जिवावर उभी आहे. सातव्या महिन्यातल्या बाईला तो दाखवणं शक्यच नाही. त्याच कारणासाठी रोझमेरीज बेबी (१९६८) बाद. अ क्वायट प्लेस (२०१८) पण बाद, त्यात आवाज न करता बाळंत व्हायचा प्रसंग आहे. मी नुकती बाळंत झालेली असताना पाहिला, माझे हात आठवडाभर गार होते.

निफाडचा गडी

बरोबर आहे ताई, ते ध्यानात नाही आलं. मग बाळंतपण उरकल्यावर बघा, पण बघा नक्की.

अशोकस्तंभ

आमच्या पिढीचा हॉरर म्हणजे रामसे. दो गज ज़मीन के नीचे १९७२, पुराना मंदिर १९८४, वीराना १९८८. सात भाऊ, लेखन, कॅमेरा, ध्वनी, दिग्दर्शन घरातल्या घरात वाटून घेतलेलं. खर्च कमी, हिरवे-निळे दिवे, धूर भरपूर. रात्रीच्या शोला रविवार कारंजावरून चालत जायचो आणि परत येताना भद्रकालीच्या बोळातून कुणीही पुढे चालायला तयार नसायचं. आज ते सिनेमे पाहिले तर पाच नंबरच्या बाईंना सोन्याची खाण सापडेल, पण घाबरणार कुणी नाही.

त्याच्याही मागे जायचं तर महल, १९४९. कमाल अमरोहींचा. अशोक कुमार, कोवळ्या वयातली मधुबाला, आणि लताबाईंचं ‘आयेगा आनेवाला’. त्या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिका म्हणून लताबाईंचं नाव नव्हतंच, सिनेमातल्या पात्राचं, ‘कामिनी’ असं छापलेलं होतं. हिंदीत झपाटलेल्या हवेलीची रीत पाडली ती या सिनेमाने. रिकामी हवेली, हलता झोका, लांबून येणारा आवाज, हे सगळं पुढे जो तो वापरत राहिला.

अवांतर: पडद्यावर माणूस गायब करायची आणि राक्षस उडवायची जादू या देशाला दाखवली ती आपल्या त्र्यंबकच्या माणसाने. फाळके १८७० साली तिथे जन्मले आणि १९४४ साली नाशकातच गेले. त्यांच्या लंकादहनला (१९१७) हॉरर म्हणणार नाही मी, पण कॅमेऱ्याच्या करामतीने प्रेक्षकाला खुर्चीत खिळवून ठेवणं तिथूनच.

भयंकर_सुखी

काका, १९४९? दुपारी तीनला जेवून बसलेल्या बायका? घोरतील.

पंचवटी पासधारक

सुखी, अरे मोठ्यांशी जरा दमानं.

माझं मत ट्रेन टू बुसान (२०१६). कोरियन आहे. सोलहून बुसानला निघालेली वेगवान गाडी, आणि एका डब्यात चावण्यातून पसरणारी बाधा झालेली एक मुलगी चढते. बाकी सगळा सिनेमा डब्यांच्या दारांवर आहे. मी वर्षानुवर्षं पंचवटी एक्स्प्रेसने अप-डाऊन करणारा माणूस. कोण कुणाला जागा देतो, कोण दार आतून धरून ठेवतो, कोण ‘आमच्या डब्यात नको’ म्हणतो, हे रोज कसाऱ्याला बघतो. त्यामुळे झॉम्बींपेक्षा त्यातल्या सुटाबुटातल्या माणसाचीच मला जास्त भीती वाटली. भूतपिशाच्च नाही, त्यामुळे रात्री घरात एकटं वाटत नाही. ताईंची रात्रपाळीची अडचण सुटली.

लेकुरवाळी

त्यातली मुख्य दोन पात्रं बाप आणि लहान मुलगी. शिवाय एक गरोदर बाई. तीन आणि चार दोघी बाद. रक्त तर विचारूच नका, म्हणजे दोन पण बाद.

पंचवटी पासधारक

मग उरलं कोण?

लेकुरवाळी

सासूबाई.

इंदिरानगरकरीण

😂 सासूबाईंना वाचून दाखवतेय. त्या म्हणतात, त्या मुलीला सांग, मला चालेल.

संपादक मंडळ

सूचना: कसारा घाट, जुना आग्रा रोड, तपोवन वगैरे ठिकाणच्या ‘खऱ्या’ अनुभवांचे तीन प्रतिसाद इथून हलवून ‘तुम्हाला आलेले अमानवी अनुभव’ या धाग्यावर टाकले आहेत. इथे सिनेमांवरच बोलावं.

चकवा

आता यादी समोर आहे, तर जरा सविस्तर.

मला विचाराल तर सगळ्यात सोपा दरवाजा म्हणजे १३बी (२००९). माधवन आहे, विक्रम कुमारचं दिग्दर्शन, पी. सी. श्रीरामचा कॅमेरा. एकत्र कुटुंब तेराव्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला येतं. घरातल्या बायका दुपारी एक मालिका बघायला लागतात आणि मालिकेतल्या घरात जे घडतं तेच यांच्या घरात घडायला लागतं. दूध नासतं, लिफ्ट फक्त एकाच माणसाला नाकारते, मोबाईलवर काढलेला फोटो वेडावाकडा येतो. पडका वाडा नाही, मेणबत्ती घेऊन फिरणारी बाई नाही. लख्ख उजेडातलं, कर्ज काढून घेतलेलं घर, सासू, जावा, दीर. ज्यांनी आयुष्यात हॉरर पाहिला नाही पण दुपारच्या मालिका पाहिल्यात, त्यांना यातली एकही खूण समजावून सांगावी लागत नाही. सासूबाईंनाही मान्य होईल, कारण गोष्ट पक्की विणलेली आहे.

इंदिरानगरकरीण

हा आवडला! ‘मालिकेत घडतं तेच घरात’ हे ऐकूनच काटा आला. ठरलं, १३बी.

लेकुरवाळी

थांबा. चकवा, त्यातल्या माधवनच्या बायकोचं काय होतं ते आठवतंय का?

चकवा

…खरंय. तीन नंबरसाठी नकोच. अर्ध्यातला तो भाग तिच्यापुरता पुढे ढकलून बघता येणार नाही, सगळी गोष्ट त्यावरून पुढे जाते.

टिकोजी_सातपूर

द अदर्स (२००१) सुचवतो. निकोल किडमन. रक्ताचा थेंब नाही. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, जर्सी बेटावरचं मोठं घर, दोन मुलांना उजेड सोसत नाही म्हणून एक दार बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नियम. आमेनाबार याने लिहिला, दिग्दर्शित केला आणि संगीतही त्याचंच. पडदे ओढलेल्या खोल्यांचा सिनेमा आहे तो. घाबरवायला अंधार आणि किल्ल्यांचा जुडगा पुरतो.

लेकुरवाळी

ताई, अदर्सबद्दल तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. इथे लिहिलं तर लोकांचा सिनेमा संपेल.

इंदिरानगरकरीण

वाचला. अरे देवा. चार नंबरसाठी नाहीच.

पण शेवट कळूनही मला तो बघावासा वाटतोय, हे विशेष.

आवाजवाला

सिनेमा कुठलाही ठरवा, आवाजाचं मी सांगतो, कारण पोटापाण्याचा धंदा तोच आहे.

हॉररमध्ये चित्र अर्धं आणि आवाज अर्धा. जॉन कारपेंटरचा हॅलोवीन (१९७८) घ्या. संगीताशिवायची प्रत एका स्टुडिओच्या बाईंना दाखवली, त्यांना अजिबात भीती वाटली नाही, असं कारपेंटरने स्वतः लिहून ठेवलंय. मग त्याने स्वतःच पियानोवर ती धून बसवली आणि तोच सिनेमा लोकांना खुर्च्यांवरून उठवायला लागला. जॉजमध्ये (१९७५) यांत्रिक शार्क मासा समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो कमीत कमी दाखवला आणि त्याच्या जागी जॉन विल्यम्सचे दोन सूर ठेवले. मासा न दिसताच लोक पाण्यात उतरेनात.

घरी बघताना होतं काय, संवाद हळू असतात म्हणून आपण रिमोटने आवाज वाढवतो. पाच मिनिटांनी किंचाळी येते तेव्हा ती त्या वाढवलेल्या आवाजात येते आणि माणूस सिनेमाला न घाबरता टीव्हीलाच घाबरतो. नवख्यांची निम्मी कुरकूर याचीच असते. सेटिंगमध्ये ‘नाईट मोड’ किंवा तसलं काही असतं, ते चालू करा. मोठा आवाज खाली दबतो, लहान वर येतो. सातव्या महिन्यातल्या बाईंसाठी तर हे कराच. साउंडबारसोबत बेसचा डबा असेल तर तो शेजारच्या सामाईक भिंतीला चिकटवू नका. तक्रार न करणारे शेजारी तेवढ्याने बदलतात.

आणि ते अचानक ‘भॉ’ करणं काही आजचं नाही. कॅट पीपल नावाच्या १९४२ च्या सिनेमात एक बाई रात्री सुनसान रस्त्याने चालतेय, मागे कुणीतरी आहे, आता झडप पडणार, आणि फिस्स करून समोर बस येऊन थांबते. नुसता ब्रेकचा आवाज. निर्मात्याच्या नावावरून त्या युक्तीला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. रात्री सीबीएसला लाल डबा मागे येऊन हवा सोडतो तेव्हा आपलंही तेच होतं.

भयंकर_सुखी

हे आवडलं. पण माझा मुद्दा कुणी खोडलेला नाही. सौम्य सौम्य करत तुम्ही त्यांना हॉरर नसलेलंच काहीतरी दाखवणार. मग स्त्री (२०१८) आणि मुंज्या (२०२४) लावा की, हसत हसत घरी जातील.

चकवा

हा मुद्दा मात्र बरोबर धरलास.

हॉरर-कॉमेडी ही पहिली पायरी आहे असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. झपाटलेला (१९९३) पाहून मराठी माणसांची अख्खी पिढी मोठी झाली. रामदास पाध्ये यांनी हलवलेला तो बाहुला, लक्ष्याची तारांबळ, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू. लहान मुलांनी बाहुल्या कपाटात कोंडल्या. पण तो पाहिलेले किती जण पुढे हॉररकडे वळले? ते कोठाऱ्यांच्या पुढच्या सिनेमाकडे वळले, २००४ मध्ये पछाडलेला बघायला गेले. विनोद आला की भीतीतून सुटायची वाट मिळते, आणि बघणाऱ्याला ती वाट धरायचीच सवय लागते. मुंज्या मला आवडला, कोकणातली हवा छान पकडलीय. पण तो पाहून ‘मला हॉरर जमतो’ असं कुणी ठरवू नये.

हॉररची चव लागायची तर सिनेमाने एकदा तरी पूर्ण गांभीर्याने, डोळा न मारता, तुम्हाला अंधारात उभं करायला हवं. किती वेळ, ते नवख्याप्रमाणे कमी-जास्त करा. तीव्रता कमी असू दे, पण खोटेपणा नको.

टिकोजी_सातपूर

+१

अंनिसप्रेमी

भुताखेतांच्या सिनेमांनी अंधश्रद्धा वाढते यावर कुणीच बोलत नाही?

संपादक मंडळ

यावर वेगळा धागा आहे. कृपया तिथे.

अशोकस्तंभ

मघाशी महल म्हणालो तर घोरायची भाषा झाली. ठीक आहे. मग वो कौन थी का नाही? १९६४, राज खोसला. साधना आणि मनोज कुमार, मदनमोहनचं संगीत.

लेकुरवाळीबाई, आता तुमची चाळणी लावा. रक्त? कृष्णधवल आहे, आणि तसंही जवळजवळ नाहीच. लहान मूल? नाही. गरोदर बाई? नाही. ‘लग जा गले’ आणि ‘नैना बरसे’ कुणाला पाठ नाहीत असं घर इंदिरानगरात मिळणार नाही. पण ती गाणी नुसती रेडिओवर ऐकलेल्यांना पुष्कळदा माहीतच नसतं की ‘नैना बरसे’ सिनेमात भुतासारखं येतं. पाठ असलेलं गाणं, आणि ते गातंय कोण हेच कळत नाही.

सुरुवात आठवा. पावसाची रात्र, डॉक्टर गाडी चालवतोय. रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई उभी. तो तिला गाडीत घेतो. वायपर बंद पडतात, काचेतून काही दिसेना, आणि ती बाई शांतपणे त्याला रस्ता सांगायला लागते. तिला दिसतंय. उतरते कुठे, तर कबरस्तानाच्या फाटकाशी. एवढ्यात एकही किंचाळी नाही.

लेकुरवाळी

काका, सगळं आठवून पाहिलं. सापडत नाही काही. मधे विषाने एक मृत्यू आहे, पण दाखवलाय अगदी सौम्य. माझी हरकत नाही. (हे मी या धाग्यावर पहिल्यांदा म्हणतेय.)

चकवा

बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). काका, हे मला आधी सुचायला हवं होतं.

आणि हा लबाड निवड म्हणूनही उत्तम आहे. शेवटी सगळ्याचा उलगडा होतो, त्यामुळे धागाकर्तीला रात्री घरात एकटं बसायला त्रास नाही. पण उलगडा होईपर्यंत सिनेमा तुम्हाला सोडत नाही. ताई, एकच करा. पडदे ओढून घ्या. कृष्णधवल सिनेमातला अंधार दुपारच्या उजेडात राखाडी दिसतो, मग त्या सिनेमात काही राहत नाही.

सुखी, तू म्हणशील हा हॉरर नाही, रहस्यपट आहे. म्हण. पहिला तासभर तो बघणाऱ्याला भुताचाच आहे.

भयंकर_सुखी

रहस्यपटच आहे. पण वायपरवाला सीन मानतो.

इंदिरानगरकरीण

ठरलं. शनिवारी भिशी, वो कौन थी. मेनू साबुदाणा वडे. नंतर वृत्तांत टाकते.

निफाडचा गडी

वडे खाताना किंचाळू नका, घशात अडकल.

इंदिरानगरकरीण

वृत्तांत.

शनिवारी दुपारपासून पाऊस धरलेलाच होता, पडदे ओढायच्या आधीच हॉलमध्ये अंधारून आलं. नाईट मोड सापडला, फक्त आमच्या टीव्हीत त्याचं नाव वेगळं होतं. सासूबाई म्हणाल्या, हा मी लग्नाआधी पाहिलाय, शेवट सांगणार नाही, पण माझ्याकडे बघू नका, तोंडावर दिसेल. म्हणून त्यांची खुर्ची सगळ्यांच्या मागे ठेवली. मग झालं उलटंच. मागून कुणीतरी आपल्याला बघतंय असं सगळ्यांना वाटायला लागलं.

पाच नंबर पहिली वीस मिनिटं हसली. मनोज कुमार चेहऱ्यावर हात नेतो त्यावर हसली, केसांच्या फुग्यावर हसली. मग डॉक्टरला पेशंट बघायला त्या पडक्या हवेलीत बोलावतात तो प्रसंग आला. तिथे तिने वड्याची ताटली खाली ठेवली आणि पाय सोफ्यावर घेतले. ‘नैना बरसे’ सुरू झालं तेव्हा नेहमीप्रमाणे दोघी-तिघी बरोबर गुणगुणायला लागल्या आणि दुसऱ्या ओळीला आपापल्या गप्प झाल्या.

रक्तवाली शेवटपर्यंत उभी होती, म्हणजे बसली होती पण शुद्धीवर होती. सातव्या महिन्यातल्या मैत्रिणीने पोटावर हात ठेवून सगळा पाहिला, म्हणाली, मला वाटलं होतं हॉरर म्हणजे नुसता आरडाओरडा. चार नंबर मध्ये एकदा मुलाला फोन करून आली.

आणि सहा नंबर, जिच्या मनातलं कळत नाही, ती संपल्यावर म्हणाली, उलगडा करायला नको होता त्यांनी. भूतच ठेवायला हवं होतं.

चकवा

तुमच्या सहा नंबरला माझा नमस्कार सांगा. हॉररचा खरा प्रेक्षक सापडलाय तुम्हाला.

अशोकस्तंभ

आनंद वाटला. राज खोसलांनी साधनाला घेऊन पुढे मेरा साया (१९६६) आणि अनिता (१९६७) केले. भिशीला नाही, पण सासूबाईंना लावून द्या.

इंदिरानगरकरीण

पुढच्या महिन्यात भिशी पाच नंबरकडे आहे. तिला भीती वाटली हे ती मान्य करत नाहीये आणि म्हणते, आता जरा जोरात काहीतरी. तीन नंबर डोहाळजेवणाच्या गडबडीत आहे, ती येणार नाही. म्हणजे यादी थोडी सैल झाली. १३बी?

चकवा

१३बी आता चालेल. पण मी त्याच्या आधी कौन (१९९९) लावीन. रामगोपाल वर्मा, लिहिलाय अनुराग कश्यपने. एक घर, पावसाळी दिवस, एकटी उर्मिला, आणि दारावर बेल वाजवणारा मनोज बाजपेयी. त्याला आत घ्यायचं की नाही, एवढ्यावर पहिला अर्धा तास. गाणी नाहीत, दीडेक तासात संपतो. भूत नाही, मूल नाही. दारात उभा राहून तो इतका चिकट गोड बोलतो की हसणाऱ्या बाईला हसावं की दाराला कडी लावावी ते कळणार नाही. सहा नंबरला शेवट आवडेल.

दोन नंबरसाठी: शेवटाकडे चाकू आहे आणि रक्त आहे. नेमकं कधी मान फिरवायची ते तुम्हाला व्यनि करतो.

त्यानंतर १३बी. मग तीन नंबर बाळासकट परत आली की लपाछपी विचारून बघा, तिच्या मर्जीवर. आणि तुंबाड (२०१८) मात्र राखून ठेवा. राही बर्वेला तो धारपांच्या एका कथेवरून सुचला, नाव पेंडशांच्या तुंबाडचे खोतवरून. शूटिंग पावसात, वर्षानुवर्षं. २०२४ मध्ये पुन्हा थिएटरला लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. तो ४३ इंची टीव्हीवर, वडे खात बघायचा सिनेमा नाही. पुन्हा कधी मोठ्या पडद्यावर लागला तर सगळ्या जणी सासूबाईंना घेऊन जा. भूत काय आणि हाव काय, ते त्या तुम्हाला समजावतील. चार नंबरला आधी सांगून ठेवा, लहान मुलाचा एक प्रसंग सुरुवातीलाच आहे.

लेकुरवाळी

हे मी लिहिणारच होते. सुधारतोयस.

आवाजवाला

कौन बघताना नाईट मोड बंद ठेवा. त्यात पाऊस आणि दाराची बेल नीट ऐकू यायला हवी. तीन नंबर नाहीयेत म्हणून सांगतोय.

इंदिरानगरकरीण

चकवा, व्यनि मिळाला. पण त्यात मिनिटं दिलीयत, खूण द्या. आमच्याकडे मधे चहा होतो, मिनिटं मोजायला कुणी बसत नाही.

चकवा

बरं. स्वयंपाकघरातला सीन सुरू झाला की दोन नंबरला चहा टाकायला पाठवा. हाक मारल्याशिवाय बाहेर येऊ नको म्हणून सांगा.

नवा सदस्य ४१७

नमस्कार, धागा पूर्ण वाचला, वाचनखूण साठवली. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, मित्रांबरोबर द कॉन्ज्युरिंग बघायचा हट्ट धरून बसलाय. त्यात रक्त फारसं नाही असं ऐकलं, मग अमेरिकेत त्याला मोठ्यांचं प्रमाणपत्र का मिळालं? दाखवू का?

लेकुरवाळी

रक्तासाठी नाही, निव्वळ भीतीसाठी मिळालं. त्यात मुली डोळे बांधून टाळ्यांचा लपंडाव खेळतात, तो एकच सीन तुम्ही आधी स्वतः बघा आणि मग ठरवा. बाकी चौदा वर्षांच्या मुलांसाठी वेगळा धागा काढा, तिथे येते मी चाळणी घेऊन.